जुन्या रुईचा रकाना

शालिकराम मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी झोपलेली होते.

म्हणजे अगदी दुकानात, भर दुपारी, गिऱ्हाइकांना दाखवायला मांडलेल्या गादीवर. आदल्या रात्री जुईला खोकला होता. साडेतीन वर्षांचं लेकरू खोकत असलं की आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मी फक्त पाठ टेकणार होते... दोन मिनिटं. जाग आली ती कुजबुजीने. दारात एक उंच, घामेजलेला माणूस खांद्याला बॅग लावून उभा होता आणि एका गिऱ्हाईक बाईंना सांगत होता, "ताई, जरा हळू. त्या गादी तपासून राहिल्या."

"डोळे मिटून?"

"तशीच तपासतात ना गादी."

मी ताडकन उठले. केसात रुई, गालावर गादीच्या शिवणीचा वळ. बाई हसत आत गेल्या. तो मात्र हसला नाही, घड्याळाकडे बघत म्हणाला, "साडेबाराची वेळ दिली होती तुम्ही. सॉफ्टवेअरच्या डेमोसाठी. मी शालिकराम. अमरावतीहून आलो."

"आता किती वाजले?"

"एक वाजत आला."

"मग उठवायचं ना."

"उठवणार होतो," तो म्हणाला, "पण मग वाटलं, दुकानाची याच्याहून चांगली जाहिरात कोण करणार."

मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मला हसू यायला जरा वेळच लागायचा.

हा आमच्या हुसेनचाचांचा गादी कारखाना. चाचांचे आजोबा खांद्यावर धुनकी घेऊन दारोदार रुई पिंजत फिरायचे. आता अकोल्यात कारखाना आणि त्याला लागून हे दुकान, अमरावतीला आणि दर्यापूरला आणखी दोन, तीसेक माणसं कामाला. माझी फारकत झाली त्या वर्षी मी इथे कारकून म्हणून लागले. दोन वर्षांत गोदाम, ऑर्डरी, माल पोचवणं असं सगळं माझ्याकडे आलं. सगळं म्हणजे चार रजिस्टरं आणि माझं डोकं. त्यातलं डोकं भरत आलं होतं. एकाच वसतिगृहाला एकाच ऑर्डरच्या गाद्या दोनदा गेल्या, त्या दिवशी चाचा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"बेटी, आता ते कंप्यूटरवालं काहीतरी आन. तू किती दिवस आमची डायरी होऊन राहशील?"

शालिकरामच्या आधी दोन कंपन्या येऊन गेल्या होत्या. एकीने पडद्यावर साठ चित्रं दाखवली. दुसरीचा माणूस पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आला आणि 'तुमची पद्धत बदलावी लागेल' म्हणाला. आमची पद्धत काय आहे, हे त्याने विचारलं नव्हतं.

शालिकरामने बॅग उघडलीच नाही. "आधी गोदाम दाखवा," म्हणाला.

गोदामात जुन्या रुईचे गठ्ठे रचलेले. आमच्याकडे लोक घरच्या जुन्या गाद्या घेऊन येतात. रुई काढायची, पिंजून मोकळी करायची, नव्या खोळीत भरून द्यायची. ज्याची रुई त्यालाच. त्यासाठी गिऱ्हाइकाच्या जुन्या खोळीची एक चिंधी फाडून तिचे दोन तुकडे करतात. एक गठ्ठ्याला बांधायचा, दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. माल न्यायला आले की तुकड्याला तुकडा जोडून बघायचा. चाचांच्या आजोबांपासून हेच.

त्याने एक चिंधी बोटांत धरून बघितली. निळ्या फुलांची, विटलेली. "आणि दोन घरच्या खोळी सारख्याच निघाल्या तर?"

"फाटलेल्या कडा सारख्या निघत नाहीत," मी म्हटलं.

तो बराच वेळ ती चिंधी बघत राहिला. मग वहीत काहीतरी लिहिलं. चाचांनी त्याच संध्याकाळी त्याच्या कंपनीला होकार कळवला. मला म्हणाले, "तो लडका विचारते. बाकीचे सांगत होते."

मग तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. अमरावतीहून एसटीने, दहाच्या सुमारास. माझ्या टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडायचा आणि प्रश्न सुरू.

"ही उशी. अमरावतीच्या दुकानात हिला 'मोठी' म्हणतात, तुम्ही 'मधली' म्हणता, दर्यापूरवाले 'पाहुण्याची' म्हणतात. नाव काय लावू?"

"उशी लावा."

"मग बाकीच्या अकरा उश्यांना काय लावू?"

मी कपाळाला हात लावायचे. तो थांबायचा. मला थांबणाऱ्या माणसांची सवय नव्हती.

"तुमच्या भुवईवर रुई आहे," एकदा मान वर न करता म्हणाला.

"रोजच असते."

"आज डावीकडे आहे. शुक्रवारी उजवीकडे होती."

मी रजिस्टर उघडलं, पण त्यात काय बघायचं होतं ते विसरले...

त्याचं नाव आजोबांवरून ठेवलेलं. कंपनीत त्याला सगळे 'एसआर' म्हणायचे. मी पूर्ण शालिकराम म्हणायचे. तो म्हणायचा, "तुम्ही म्हटलं की धोतर नेसून आल्यासारखं वाटते." आल्याआल्या तो आधी जुईच्या खोकल्याची चौकशी करायचा, मग कामाची. मी त्याच्या बाजूला चहाचा कप सरकवायचे. एवढंच. दमलेल्या बाईचं प्रेम असंच असतं बहुतेक. येतं तेव्हा फार आवाज करत नाही, कारण घरात कुणीतरी नुकतंच झोपलेलं असतं.

फेब्रुवारी संपत आला. एक मार्चला सॉफ्टवेअर सुरू करायचं ठरलं होतं. त्याआधी त्यात कुठला माल कुठल्या नावाने बसवलाय याची चाळीस पानांची यादी मी तपासून सही करायची होती. नेमका जुईला ताप भरला. मी तिला मांडीवर घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे नंबर लावून बसले होते, तर तो कागद घेऊन तिथेच आला. बाकावर माझ्या शेजारी बसला. जुईचं डोकं माझ्या दंडावर, अंग तापलेलं. मी दुसऱ्या हाताने पेन धरलं.

"वाचणार नाही?" त्याने विचारलं.

"तुम्ही वाचलंय ना?"

तो कागदाकडे बघत राहिला. "हो," म्हणाला.

तो बोट ठेवत गेला तिथे मी सही करत गेले.

अठ्ठावीसला आम्ही सगळ्या गठ्ठ्यांच्या चिंध्या सोडून छापील स्टिकर लावले. एक तारखेपासून स्क्रीनवर बघायचं, स्क्रीन सांगेल तो गठ्ठा उचलायचा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. सहाला काम संपायचं. उजेड असताना मी घरी पोचायचे. जुई अंगणात माझ्या आईजवळ बसून माझी वाट बघत असायची आणि मला तिचा चेहरा दिव्याच्या नाही, उन्हाच्या प्रकाशात दिसायचा. शालिकरामला मी फोनवर सांगितलं तसं. तो "बरं झालं," एवढंच म्हणाला.

बारा तारखेला पार्बताबाई आल्या. बार्शीटाकळीच्या, पंचाहत्तरीतल्या, काठी टेकत पण आवाज खणखणीत. फेब्रुवारीत त्यांची रुई मीच ठेवून घेतली होती. हिरव्या पट्ट्यांची चिंधी फाडून त्यांच्या हातात दिली होती आणि म्हटलं होतं, "आजी, काळजी करू नका, तुमची रुई तुमच्याच घरी येईल." आता त्यांच्या नावाच्या दोन गाद्या तयार होत्या. त्यांनी काठी भिंतीला लावली, गादीच्या शिवणीतून दोन बोटं आत घातली, चिमूटभर रुई काढून चोळली, हुंगली.

"हे माही रुई नाही."

"आजी, पिंजली की वेगळी वाटते जरा."

"पोरी, मले पिंजलेली बी समजते अन् न पिंजलेली बी."

"पण रुई कशी ओळखू येईल?"

"तू तुया पोरीले अंधारात ओळखतं का नाही?"

त्यांनी कमरेची पिशवी उघडून हिरव्या पट्ट्यांचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्या जोडीचा तुकडा माझ्याकडे नव्हता.

"माह्या बापाच्या वावरातली गावरान रुई व ते," त्या म्हणाल्या. "लग्नात संग देल्ली होती. माही पोरगी त्या गादीवर झाली. म्हातारा, आमचे भगवंतराव, त्याच गादीवर गेले. आता नात बाळंतपनाले येऊन राहिली परवा. मी तिले म्हनलं होतं, तुयं बी त्याच गादीवर करीन. आता काय सांगू तिले? हुसेनच्या दुकानानं हरपवली म्हनून?"

"परवापर्यंत तुमची रुई तुमच्या घरी," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

चाचा मागे उभे होते. पार्बताबाई गेल्यावर हळू म्हणाले, "बेटी, आनू शकली त आन. नाही त मी जातो अन् बुढीच्या पायावर हात ठेवतो. आमच्या तीन पिढ्यांत कोनाची रुई कोनात गेली नाही." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी यादी काढली. पान सतरा. तिथे एकच ओळ: 'जुनी रुई, किलो.' कुणाची, ते लिहायला रकानाच नव्हता. आम्ही नव्या गादीच्या बदल्यात घेतो ती जुनी रुई आणि लोक विश्वासाने ठेवून जातात ती, दोन्ही एका ओळीत. आणि सॉफ्टवेअरचा नियम, आधी आलेला माल आधी बाहेर. पार्बताबाईंचा गठ्ठा सगळ्यांत जुना, म्हणून तोच पहिल्यांदा उचलला गेला, अमरावतीच्या नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहासाठी. तिथल्या चाळीस गाद्या आम्ही बदल्यातल्या जुन्या रुईच्या बनवून दिल्या होत्या. पानाखाली सही माझी.

मी शालिकरामला फोन केला. आवाज कोरडा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच तो हजर, दाढी न करता. मी दाखवलं ते त्याने उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून स्क्रीनवर काहीतरी शोधायला लागला.

"तुमच्या रजिस्टरमध्ये वजन किती त्यांच्या रुईचं?"

"चौदा किलो सहाशे."

"हा बघा. पिंजायच्या आधी प्रत्येक गठ्ठ्याचं वजन टाकलंय. चार तारीख, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, चौदा सहाशे. त्याच्यापुढच्या तासात भरल्या त्या गाद्या... एकवीस आणि बावीस नंबर." तो माझ्याकडे वळला. "रकाना चुकीचा आहे. वेळ बरोबर आहे."

"सही माझी आहे," मी म्हटलं.

तो काहीतरी बोलणार होता. बाहेरून टेम्पोचा हॉर्न वाजला. आमच्या टेम्पोवाल्या खुशालरावांना थांबायला आवडत नाही.

अमरावतीच्या वसतिगृहात पुरुषांना वर जायला मनाई. शालिकराम आणि खुशालराव खाली दोन नव्या गाद्या धरून उभे राहिले, मी वर गेले. बावीस नंबर एका रिकाम्या खाटेवर सापडली. एकवीसवर एक मुलगी पालथी पडून अभ्यास करत होती. नाव लुबना, गाव दर्यापूर.

"ताई, ही नका नेऊ," ती उठून बसली. "सगळ्यांच्या पाठी दुखतात इथे, माझीच नाही दुखत."

"नवी देते. हिच्याहून मऊ."

"मऊ कोणाले पाहिजे? झोप लागते हिच्यावर."

मी कडेची शिवण दोन बोटं उसवली. आतली रुई किंचित पिवळसर, आखूड, दाबली की उसळून वर येणारी. हाताला कळलं मला. पार्बताबाईंसारखं नाही, पण कळलं.

"एका आजीची आहे," मी म्हटलं. "तिची नात बाळंतपणाला येतेय उद्या. तिला याच गादीवर निजवायचंय."

लुबनाने पुस्तक मिटलं. "मग आधी सांगायचं ना," म्हणाली, आणि गादीचं एक टोक तिने स्वतः उचललं. जिना उतरताना मला म्हणाली, "खाली ते उंच आहेत ना, ते तुम्ही वर आल्यापासून आमच्या खिडकीकडेच पाहून राहिले."

"गादीची वाट बघत असतील."

"हं," लुबना म्हणाली. भावी नर्सचं 'हं' होतं ते, थर्मामीटर बघून म्हणतात तसं.

दोरी अपुरी पडली. कुणीतरी मागे बसून गाद्या धरायला हव्या होत्या. शालिकराम मागे चढला, मी पुढे खुशालरावांच्या शेजारी. बडनेरा सोडून तास होत आला आणि माझा फोन वाजला. मागून तीन फुटांवरून तो फोन करत होता.

"काय झालं? गादी सुटली का?"

"नाही. एक सांगायचंय. समोर बसून सांगता आलं नसतं." वाऱ्याचा आवाज, त्यात त्याचा. "पान सतरा मला माहीत होतं."

मी खिडकीची काच वर केली.

"गिऱ्हाइकाच्या मालाचा वेगळा रकाना करायला पंधरा दिवस लागले असते. आमच्या साहेबांनी एक तारीख धरली होती. मी म्हटलं, नंतर करू. भीती एवढीच होती की तुम्ही वाचाल आणि अडवाल. तुम्ही वाचलं नाही... आणि मला बरं वाटलं. जुईला ताप होता, तुम्ही पेंगत होता, आणि मला बरं वाटलं. तेव्हापासून ते बरं वाटणं मला टोचून राहिलं."

रस्त्याच्या कडेला पळस फुललेला होता. ऊन पांढरं पडत चाललं होतं. मला राग आला. खरा आला. आणि त्या रागाच्या खाली काहीतरी थकून बसलेलं होतं, ते हळूच उठलं.

"मी पण सांगते," मी म्हटलं. "वाचायला हवं, हे मला माहीत होतं. पण कुणीतरी माझ्याऐवजी वाचून ठेवलंय, असं एकदा तरी वाटून घ्यायचं होतं. एकदाच."

पलीकडे नुसता वारा. मग, "रागावलात?"

"हो."

"किती?"

"मूर्तिजापूरपर्यंत."

"मूर्तिजापूर गेलं मघाशी."

मी तोंडावर ओढणी धरली. खुशालराव समोर बघत म्हणाले, "त्याले म्हना, फोन ठेव. त्याचा आवाज मले बी तसाच येऊन राहिला. बिलाचे पैसे कशाले घालवते."

"आणखी एक सांगायचंय," फोनमधून आलं.

"ते फोनवर नको," मी म्हटलं, आणि ठेवला.

बार्शीटाकळीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. पार्बताबाई ओट्यावरच होत्या. गाद्या अंगणात बाजेवर टाकल्या. त्यांनी बोटं आत घातली, चिमूट काढली, चोळली, हुंगली. मग ती चिमूट तशीच मुठीत धरून ठेवली.

"हे माही," शेवटी म्हणाल्या. नाक ओढलं, पदराने पुसलं, आणि लगेच आवाज चढला. "अन् पुन्हा असं केलं त दुकानात येऊन झोपीन मी, सांगून ठेवतो. हुसेनले बी सांग."

त्यांनी स्वतःच दोन्ही गाद्या ओढत आत नेल्या. आम्हाला हात लावू दिला नाही. खुशालराव टेम्पोत पाय लांब करून पडले. मी रिकाम्या बाजेवर बसले. पाय दुखत होते. शालिकराम निंबाखाली उभा, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, भुवयांवर रुई.

पार्बताबाई पुन्हा दारात आल्या. "हा कोन व?"

"याच्यामुळेच हरवली होती, आजी. यानेच शोधली."

"ते नाही विचारून राहिली मी. तुया कोन लागते?"

"अजून काही लागत नाही."

"त मंग लाजून काहून राहिली?" त्या आत वळल्या. "चाय मांडतो. तवरक ठरवा."

आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला. शालिकरामने निंबाची एक काडी तोडली, तिची सालं काढत राहिला.

"सोमवारी मी साहेबांना लिहून देतो," तो म्हणाला. "चूक माझी होती. पंधरा दिवस सगळं थांबवा, वेगळा रकाना करा, आणि चिंध्या पुन्हा बांधा. स्टिकर राहू दे, पण चिंधी पाहिजे. चाचा मानतील. साहेब मात्र मला या कामावरून काढतील. तुमच्याकडे दुसरा माणूस येईल."

"म्हणजे मंगळवार..."

"मंगळवार, शुक्रवार, दोन्ही गेले. म्हणून विचारतो. कामाशिवाय, दुसऱ्या कुठल्या दिवशी आलो... तर चालेल?"

मला त्याला नीट सांगायचं होतं. पहिल्या लग्नाच्या वेळी मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं, सगळं नशिबावर सोडलं होतं.

"मी साडेनऊला झोपते," मी म्हटलं. "रात्री कुणाचे फोन नाही घेत. जुई माझ्या कुशीत झोपते, ती तिथेच झोपणार. मला गोड बोलता येत नाही, दिवसभराचं बोलून झालेलं असतं. आणि माझ्यापासून काही लपवून मला बरं वाटायला लावलेलं चालणार नाही. वाईट वाटलं तरी चालेल. सांगायचं."

"सांगेन."

"आज सांगितलंत तसं."

"फोनवर?"

"समोर."

तो समोर आला. अगदी समोर नाही, दोन पावलं अलीकडे थांबला. काडी हातातच होती. "मग हे समोर सांगतो," म्हणाला. "मी त्या दिवशी दुकानाच्या दारात अर्धा तास उभा होतो. जाहिरात-बिहिरात काही नाही. एवढं दमलेलं माणूस एवढं शांत झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. वाटलं, कुणीतरी दारात उभं राहायला पाहिजे. आता रोज वाटते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तसं येऊ दिलं. उन्हं निंबातून खाली उतरली होती, त्याच्या चपलांपर्यंत.

"रविवारी या," मी म्हटलं. "जुई घरी असते. तिचे प्रश्न तुमच्याहून जास्त आहेत. आई तुमचं गाव-गोत काढेल. मी मधे पडणार नाही."

"येतो."

आतून बशा मांडल्याचा आवाज आला. मग पार्बताबाईंचा. "ठरलं का व?"

मी बाजेवर जरा बाजूला सरकले.

"बस ना," मी शालिकरामला म्हटलं. "उभा काहून आहेस?"